शेपटाचं गाणं

भूपालनं पुठ्ठ्याचा खोका काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "वैनी, रविवारी एवढ्या पुसून टाका."

"काय पुसून टाकू?"

"कॅसेटी. सत्तर हाईत. आतली टेप चांगली हाय. तुमच्या गिऱ्हाइकांची गाणी भरायला होतील."

मी झाकण उघडलं. निळ्या कागदावर काळ्या अक्षरांत 'धोटा' असं बँडचं नाव आणि खाली कॅसेटचं नाव, 'दुसरी पाळी'. महिन्यापूर्वी हाच खोका त्यानं दोन्ही हातांनी, बाळंतिणीनं मूल आणावं तसा जपून आणला होता. आज आणला तो काखेत मारून. त्याच्या मागं मालन पायरीवरच उभी होती. ती आत आली नाही.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातली. इचलकरंजीत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या बाकावर हे रेडिओ उघडून बसायचे आणि पुढच्या काउंटरवर मी कॅसेटी भरून द्यायचे. आता हे काम काय असतं ते नातवंडांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी कागदावर लिहून आणायचं, मी ती गाणी शोधून एका कोऱ्या कॅसेटवर ओळीनं उतरवून द्यायचे. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. सहा-सात गाणी झाली की दोन-चार मिनिटं उरायची. बाकीचे दुकानदार ती तशीच कोरी सोडून देत. मला ते जमायचं नाही. शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत करतो का? तसंच ते. त्या उरलेल्या जागेत मी माझ्या पसंतीचं एक गाणं घालायचे, यादीत नसलेलं. हे त्याला शेपूट म्हणायचे. "आज कुणाला काय शेपूट लावलंस?" असं जेवताना विचारायचे.

शेपटाला सिनेमाचं गाणं मी कधी लावलं नाही. ती लोकांना ठाऊकच असत. मी लावायचे ते कुणी नाव न ऐकलेल्या पोरांच्या बँडचं. सावंतवाडीच्या तिघा भावांची एक कॅसेट मला एसटी स्टँडवर रुमाल विकणाऱ्याकडं मिळाली होती. सोलापुरात चादरींच्या कारखान्यातल्या पाच बायकांनी मिळून एक काढली होती, तिच्यावर कारखान्याचा भोंगासुद्धा होता. मिरजेच्या कॉलेजातल्या पोरांनी तंबोऱ्याला गिटारीच्या तारा लावून काहीतरी उद्योग केला होता, तो मला फार आवडायचा. जत्रा, गॅदरिंग, माहेरची फेरी, कुठंही गेले तरी माझी पिशवी येताना जड व्हायची. कुणाला काय लावायचं हे मी त्याच्या यादीवरून ठरवायचे. एक कारकून नेहमी फक्त रडकी गाणी भरून न्यायचा. त्याला मी सोलापूरच्या बायकांचं गाणं लावलं. महिनाभरानं तो आला आणि खाली बघत म्हणाला, "त्या भोंगावाल्या बायकांची आख्खी कॅसेट आहे का?" त्या दिवशी मी शिरा केला.

माझा एकच नियम होता. गाणं तोडायचं नाही. उरलेली जागा घड्याळ लावून मोजायची, त्यात पुरं बसेल तेच गाणं घालायचं. अर्धं गाणं देणं म्हणजे वाढलेलं ताट समोरून ओढून घेणं.

तर धोटा. भूपाल मगदूम म्हणजे मागावरचा जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. गाणी तो रचायचा आणि गिटार वाजवायचा. सिद्राम बेंजोवर, इर्शाद मोमीन ढोलकीवर. मालन कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची आणि बँडमध्ये गायची. मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी धोटा असतो ना, तो ही मंडळी फळीवर आपटून ठेका धरत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा तसाच धरून बसले होते. मालनचा आवाज गोड नव्हता. कांडीमशीनच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय असलेल्या बाईचा तो आवाज होता. पण ती गायला लागली की ती आपल्याशीच, आपल्या ओट्यावर बसून बोलतेय असं वाटायचं.

"पण पुसायचं कशाला?" मी विचारलं.

"इर्शादच्या भावानं त्येला भिवंडीला बोलावलंय. रविवारची साडेपाचची गाडी. ढोलकी गेली म्हंजे काय ऱ्हायलं?"

"मग त्याला सांग, जाऊ नको म्हणून."

"कुठल्या तोंडानं सांगू?" भूपालनं खोक्यावर बोट आपटलं. "शंभर काढल्या. तीस गेल्या. कुणी घेतल्या? सासऱ्यानं, मेव्हण्यानं, शेटनं. शेटनं अजून वरचं प्लास्टिक काढलं न्हाई. तोंडावर सगळी वा वा म्हंत्यात, वैनी. नात्यातला न्हाई, वळखीचा न्हाई, असा एक माणूस इथं येऊन आपल्या नावानं मागू दे. एक. मग इर्शादच्या पायाशी लोळण घीन मी. न्हाईतर रविवारी पुसायच्या."

"भूपालदा कुणाचंच आईकत न्हाई," मालन पायरीवरून म्हणाली. "तुमी तरी सांगा."

"मी सांगून काय होणार? त्याला ऐकणारा माणूस पाहिजे, सांगणारा नकोय," मी म्हणाले.

सोमवार होता तो. हातात सहा दिवस होते.

त्या आठवड्यात माझ्या दुकानातून अकरा कॅसेटी गेल्या आणि अकराही कॅसेटींना धोटाची शेपटं होती. लिंबाच्या सरबताच्या गाड्यावाल्याला लावलं, शाळेच्या बाईंना लावलं, भजनाची कॅसेट न्यायला आलेल्या पोस्टमनला सुद्धा लावलं. कुणाला तोंडानं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्या भिडेखातर आले असते आणि भूपालला ते नको होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. काउंटरवर कुणाची सावली पडली की माझी मान वर व्हायची.

यांना माझी ती तगमग बघवली नसावी. गुरुवारी भूपाल चौकशीला म्हणून येऊन बसला होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाचा शिंपी, भाऊसाहेब, आत आला. गळ्यात मोजायची टेप तशीच. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली, "मला धोटा या बँडची दुसरी पाळी ही कॅसेट पाहिजे आहे. मी त्यांचं नाव पुष्कळ ऐकलं आहे."

भूपालनं वाकून चिठ्ठी बघितली. "भाऊसाहेब, ह्यो कागद रेडिओच्या गॅरंटीकार्डाचा हाय की."

"असंल. कागद कुठलाबी असतोय."

"आन् अक्षर दादांचं हाय."

भाऊसाहेबानं मागं बाकाकडं बघितलं. हे एका रेडिओत डोकं खुपसून बसले होते. मान इतकी आत गेली होती की आता बाहेर कशी काढणार याची मला काळजी वाटली.

"ही मागणी धरायची न्हाई," भूपाल म्हणाला.

"मग माझी चिठ्ठी द्या," भाऊसाहेब म्हणाला. "मागच्या बाजूला गिऱ्हाइकाचं माप लिवलंय."

भूपाल हसला, पण उठून गेला. त्या रात्री मी यांना म्हणाले, "एवढी मदत नाही केली तरी चालेल." हे म्हणाले, "बरं."

शुक्रवारी सायझिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना असलेल्या, उगारेंचा ड्रायव्हर आला. त्यांच्या मुलीचं लग्न रविवारी, शनिवारी हळद. हळदीला लावायला बायकांच्या गाण्यांची कॅसेट हवी होती, आणि ती आत्ताच. मधे वीज गेली, तासभर आली नाही. आली तेव्हा ड्रायव्हर काउंटरवर किल्ल्या वाजवत उभा. दुसऱ्या बाजूला सव्वाचार मिनिटं उरत होती. धोटाचं एक गाणं चार मिनिटांचं होतं, दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या नवऱ्याबद्दल त्याची बायको सांगते ते. बसत होतं. मी ते लावून यंत्र चालू केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची यादी वाचायला घेतली. कॅसेट थांबल्यावर ती काढून दिली. नेहमी मी शेवट ऐकून मगच कॅसेट हातातून सोडायचे. त्या दिवशी सोडली.

शनिवारी दुपारी त्याच पुडक्यातली दुसरी कोरी कॅसेट भरत होते. गाणं ऐन भरात असताना यंत्राचं बटण खटकन वर आलं.

"अहो, टेप तुटली का बघा."

यांनी कॅसेट उलटी-सुलटी केली, पुन्हा लावून घड्याळ धरलं. "तुटली नाही. अठ्ठावीस मिनिटांचीच आहे. पुडक्यातल्या सगळ्याच तोकड्या असणार."

मी पुडकं जवळ ओढलं. "म्हणजे काल उगारेंना दिलेली…"

"दोन मिनिटं कमी."

मी धोटाची कॅसेट लावली आणि सव्वादोन मिनिटं मोजली. कुठं तुटलं असेल ते मला ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं. मालन गात होती:

दुसऱ्या पाळीचा धनी माझा, मांजराच्या पावलानं चालतो,
कडी काढतो, दिवा सारतो, ताट घ्यायच्या आधी, बाई गं, माझ्या कानात…

बरोबर तिथं. पुढचे दोन शब्द नाहीत. ज्या गाण्याला चार माणसं मिळावीत म्हणून मी आठवडाभर धडपडत होते, ते शंभर बायकांसमोर मीच मुंडी मुरगाळून पाठवलं होतं.

"मी उगारेंच्या घरी जाऊन येते."

"आज लग्नघरात तुझं कोण ऐकणार?" हे म्हणाले. "हळद लागलीसुद्धा असेल. राहू दे."

रविवारी दहाला भूपाल आणि मालन आले. भूपालनं खोका पुढं ओढला. छापील कॅसेटींच्या मागच्या खाचा मोडलेल्या असतात, म्हणजे त्यांच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये. पुसायचं तर त्या खाचांवर कागद चिकटवावा लागतो. तो कागद कापायचं काम यांनी स्वतःहून घेतलं. एक एक पट्टी मोजून, घडी घालून, नखानं दाबून, कात्रीची धार बघून. मी यंत्र पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"वैनी," भूपाल म्हणाला, "करायचं ते करून टाकूया."

मी पहिली कॅसेट आत घातली आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. काहीच ऐकू आलं नाही. पुसताना काही ऐकू येत नाही. फक्त चक्रं फिरताना दिसतात. मालननं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

अर्धं मिनिट गेलं असेल. दारात जीप थांबली. तीन बायका उतरल्या. हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळं पिवळी. पुढं एक साठीची, ठेंगणी, नाकात नथ, पदर कमरेला खोचलेला.

"उगाऱ्यांची हळदीची कॅसेट हितंच भरली काय?" तिनं पायरी चढता चढता विचारलं.

मी यंत्र बंद केलं. "हो. माझ्याकडूनच चूक झाली, बाई. टेप तोकडी निघाली. मी दुसरी भरून देते, एक रुपया घेणार नाही."

"फुकट कोण मागतंय? मी नवऱ्या मुलाची आत्या, हौसाबाई, निपाणीची. आदी मला सांगा, कानात काय?"

"काय?"

"त्यो नवरा. ताट घ्यायच्या आदी तिच्या कानात काय?" तिनं काउंटरवर हात ठेवला. पाच पिवळी बोटं उमटली. "काल नवरीला हळद लावताना ते गाणं लागलं. आमी सगळ्या गप झालो, बघा. आवाज कसला त्यो. आन् नेमकं तिथं खटकन बंद. म्हातारी मानसं सुदीक म्हनाली, परत लावा. परत लावलं, परत खटकन. नवरीकडच्या म्हंत्यात, कानात झुबं घालतो. मी म्हन्ते, मागावरच्या मानसाला रोज झुबं कुठनं परवडतील? कानात गोड बोलतो."

"मी म्हटलं, आईच्या चुगल्या सांगतो," मागची एकजण म्हणाली.

"हिचा नवरा सांगतो," हौसाबाई म्हणाली. "पैज लागलीय, बाई. हरलेल्या बाजूच्या सगळ्या बायांनी भर मांडवात उखाणं घ्यायचं. नवरी पिवळी होऊन बसली दोन तास, कुणी अंगावर पानी घातलं न्हाई. रात्री झोप न्हाई मला. आज दुपारच्याला अक्षता हाईत. सांगा."

मी मालनकडं बघितलं. मालन भूपालकडं बघत होती. भूपाल खाली, फरशीकडं.

"गाणं कुणाचं हाय ह्ये?" हौसाबाईनं विचारलं.

"आमचं," मालन म्हणाली. आवाज इतका बारीक की तो कांडीमशीनवर कुणालाच ऐकू गेला नसता.

हौसाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "तू गातीस?"

"व्हय."

मागच्या बाकावरून हे पहिल्यांदा बोलले. "काय भूपाल, ही धरायची का?"

भूपालच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण जॉबर तो जॉबरच, नट अर्ध्या आट्यावर सोडणारा नव्हे. "नावानं कुठं मागितलीय, दादा? नावानं मागायचं ठरलं हुतं."

"कसलं नाव? कसलं धरायचं?" हौसाबाई म्हणाली.

मग मीच सगळं सांगितलं. खोका, रविवार, इर्शादची गाडी, नात्यातला नसलेला एक माणूस. माझं संपल्यावर खोक्यातली एक कॅसेट उचलून हौसाबाईनं डोळ्यांपासून लांब धरली आणि अक्षरं लावली. कॅसेट परत ठेवली. वळली, पायरी उतरली, काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या, जीपपर्यंत चालत गेली. तिथून पुन्हा आली. पुन्हा चपला काढल्या, पायरी चढली.

"काय हो बाई," ती मला म्हणाली, जणू आम्ही एकमेकींना जन्मात पाहिलं नव्हतं, "धोटा बँडची 'दुसरी पाळी' मिळंल काय? लई नाव ऐकून आलोय निपाणीवरनं."

तिच्या मागच्या दोघींनीही तसंच केलं. दोघींच्या चपला एकमेकींत मिसळल्या, त्यावरून थोडी वादावादी झाली, पण मागितली दोघींनी, नावानं.

भूपालनं यंत्रातली कॅसेट काढली. मागच्या कागदाच्या पट्ट्या नखानं खरवडून काढायला लागला. निघेनात. यांनी डिंक नको तितका लावला होता. तो तसाच उभा राहून खरवडत होता आणि आमच्याकडं पाठ करून होता. त्याला वेळ लागला तर लागू दे म्हणून मी काउंटरवरची हळद पुसायला घेतली.

"आता तरी सांगशील काय गं?" हौसाबाई मालनला म्हणाली.

मालननं गळा साफ केला. ढोलकी नाही, बेंजो नाही. काउंटरच्या लाकडावर बोटांनी ठेका धरून तिनं ती ओळ पुरी केली:

… माझ्या कानात कापूस घालतो.
ताट वाजंल, जाग येईल, म्हणून कापूस घालतो.

एकीचा हात आपल्याच कानाकडं गेला.

"मागाचा कापूस," मागची एकजण हळूच म्हणाली. "अंगावरनंच निघत असंल, न्हाई?"

"माझा मेला ताट आपटायचा," हौसाबाई म्हणाली. "ऊठ, वाढ म्हनून." आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना. डोळे पुसायला गेली तर गालांवर हळदीचे फराटे उठले. "म्हंजे झुबं बी न्हाई, गोड बोलनं बी न्हाई. आमीबी हरलो, त्याबी हरल्या. आता दोन्हीकडच्या समद्यांना उखाणं घ्यायला लागनार." मग तिनं मालनचा दंड धरला. "तू चल. तुझी समदी मानसं घे. ह्ये मी एकटीनं जाऊन सांगितलं तर नवरीकडच्या म्हनतील, म्हातारीनं मनानं रचलं."

त्या जीपमध्ये आम्ही किती जण बसलो ते मला आजही कळलेलं नाही. सिद्रामला त्याच्या खोलीवरून उचललं. इर्शादच्या दारात त्याची ट्रंक दोरीनं बांधून ठेवलेली होती. त्याला कारण न सांगता भूपालनं नुसतं, "ढोलकी घे," म्हटलं. इर्शादनं जीपमधल्या पिवळ्या बायकांकडं बघितलं आणि ढोलकी घेतली.

जेवणाच्या पंगती उठल्यावर त्यांनी मांडवाच्या एका कोपऱ्यात मांडी घातली. मी आणि हे चपलांच्या ढिगाजवळ उभे होतो, आमंत्रण नव्हतं ना. मालन गायला लागली. सुरुवातीला दोनदा तिचा सूर खाली घसरला. मग तिनं डोळे मिटले. 'माझ्या कानात' पर्यंत आली आणि थांबली. तिला थांबायचं नव्हतं, तिला श्वास घ्यायचा होता. पण तेवढ्यात हौसाबाईनं आधीच फोडलेलं गुपित दोन्ही बाजूंच्या बायकांनी एका तोंडानं ओरडून सांगितलं, "कापूस घालतो!" कनातीवरची पाखरं उडाली. मालननं डोळे उघडून बघितलं. आपण रचलेली ओळ आपल्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू येते तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी भूपालच्या तोंडावर बघितलं. पुढं पुष्कळ वर्षं गाणी विकली, पण तसं तोंड पुन्हा फार वेळा बघायला मिळालं नाही.

मग उखाणे. नवरीकडच्या सुरू करणार, तर हौसाबाईनं हात वर केला. "थांबा. गाणं तोडलं कुनी? ती तिथं चपलांजवळ हुबी हाय. पयला तिचा."

मला ढकलत पुढं आणलं. चाळीस वर्षांची बाई मी. लग्नात नाव घेतलं होतं, त्यानंतर सतरा वर्षांत कधी यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. अहो, हे, ते, यावरच संसार चालला होता. मी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं आणि म्हटलं:

"तीस मिनिटांच्या कॅसेटला अठ्ठावीसचं माप,
रघुनाथरावांचं नाव घेते, तोडल्या गाण्याचं पाप करा माफ."

असा गलका झाला की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. यांच्याकडं बघायची छाती झाली नाही. नंतर भाऊसाहेब शिंप्यानं सांगितलं, तो जेवायला आला होता, की दादा चपलांच्या ढिगाकडं तोंड करून जोडा शोधत होते, आणि जोडा तर त्यांच्या पायातच होता.

उखाणे संपायला साडेचार झाले. बायका म्हणाल्या, दुसरं गाणं होऊ दे. भूपालनं गिटार मांडीवर घेतली, पण तार छेडली नाही. तो इर्शादकडं बघत होता. पायाशी लोळण घेणार होता तो, पण बसल्या जागचा हलला नाही.

"इर्शाद," एवढंच म्हणाला, "साडेपाचची गाडी…"

इर्शाद ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता. त्यानं वर न बघता एक थाप मारून आवाज जोखला.

"गाडी काय, रोज असती," तो म्हणाला. "तू सूर धर."

पुढची अकरा वर्षं त्यानं ती गाडी पकडली नाही.